आंकडेमोडीचें मोल



पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हीं नांवें कानीं पडतांच आपल्यांतील वडीलधाऱ्यांना सायंकाळची परवचा आठवेल. ज्याची औटकी तोंडपाठ, त्याची पेढीवरील जागा पक्की, असें माझे वडील म्हणत. आज साडेतिनाची कोणतीही पट खिशांतील यंत्र पापणी लवण्याच्या आंत सांगतें. मग त्या पाठांतराचें मोल काय उरलें? जन्मभर मुलांकडून पाढे म्हणवून घेतलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हा प्रश्न चुकवितां येत नाहीं.

पूर्वीं ‘कॉम्प्यूटर’ हें यंत्राचें नांव नव्हतें. तें माणसाचें पदनाम होतें. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणींत राधानाथ शिकदर हे असे प्रमुख गणक होते. एव्हरेस्ट शिखराची उंची त्या पाहणीनें १८५६ सालीं २९,००२ फूट अशी जाहीर केली. त्या गणितांत त्यांचा मोठा वांटा होता. २०२० सालीं नेपाळ व चीन यांनीं जाहीर केलेली उंची सुमारें २९,०३२ फूट आहे. शंभराहून अधिक मैलांवरून मोजलेले कोन, आणि तफावत अवघी ३० फुटांची! येथें नुसता गुणाकार कामास आला नाहीं. हवेच्या थरांतून येतांना प्रकाशकिरण किती वांकतो, कोणत्या निरीक्षणावर किती भरंवसा ठेवावा, हा विवेक कामास आला.

१९७९ सालीं व्हिजिकॅल्क ही आज्ञावली निघाली. एक आंकडा बदलला कीं सारा तक्ता आपोआप नव्यानें मांडला जाऊं लागला. बेरीज करणाराचा भाव उतरला, “भाडें वाढलें तर? विक्री घटली तर?” असें विचारणाराचा चढला. आतां तीच पाळी आज्ञावली लिहिणारांवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या धंद्यावर, आली आहे. पुण्यामुंबईच्या कित्येक घरांतील मुलेंमुली या विद्येवर संसार चालवितात. परंतु २०२२ च्या अखेरीपासून साध्या बोलीभाषेंत सांगितलेलें काम ऐकून आज्ञावली लिहून देणारीं यंत्रें लोकांच्या हातीं आलीं आहेत. जें दुर्मिळ होतें तें मुबलक झालें. कोणाचीच नोकरी जाणार नाहीं, असा दिलासा मी देऊं शकत नाहीं. पेढीवरील कारकुनालाही तो कोणी दिला नव्हता.

तथापि मुबलक उत्तरांनीं शहाणपण मुबलक होत नाहीं. १९९९ सालीं मंगळापाशीं पोहोंचलेलें अमेरिकेचें एक यान नष्ट झालें. एका आज्ञावलीनें पौंडाच्या मापांत दिलेला आंकडा दुसरीनें न्यूटनच्या मापांतला म्हणून घेतला. आंकडेमोड चुकली नव्हती, “हे कशाचे?” ही विचारणा वेळेवर पुरी झाली नाहीं.

येथें मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. वर्गांत मीं गणित घातलें होतें : एक विहीर ८ माणसें ६ दिवसांत खणतात, तर ४८ माणसें किती दिवसांत खणतील? पाट्या वर झाल्या : एक दिवस. पाढ्यांत कच्चा असलेला एक मुलगा मात्र उभा राहून म्हणाला, “गुरुजी, विहिरींत ४८ माणसें मावतील कशीं?” वर्ग हंसला, मीही हंसलों, आणि उद्धटपणाबद्दल त्याला तास संपेपर्यंत उभें ठेवलें. ‘एक दिवस’ लिहिणारांना मीं पुरे गुण दिले. आज तें उत्तर यंत्र फुकट देतें. बाजारांत मोल राहिलें आहे तें त्या मुलाच्या प्रश्नाला.

म्हणून पाढे सोडून द्यावेत काय? नाहीं. त्या मुलानें बापाबरोबर विहिरीच्या तळाशीं घमेलीं भरलीं होतीं, म्हणून त्याला तो प्रश्न सुचला. ज्यानें स्वतः कधीं हिशेब केला नाहीं, त्याला चुकलेला हिशेब खटकणार कसा? पारख ही हातांनीं केलेल्या कामांतूनच येते. यास्तव आईबापांना माझें सांगणें इतकेंच कीं, मुलांना कांहीं गणितें हातानें करूं द्या; आणि उत्तर आलें म्हणजे पाटी लगेच पुसूं नका. “हें खरेंच असें होईल काय?” एवढें एक विचारा. तें विचारणाऱ्या मुलाला मीं उभें ठेवलें. तुम्ही त्याला जवळ बसवून घ्या.