पडण्याची जागा आणि चुकीची जागा



आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. तेव्हा संगणकावर आम्ही बोलावे हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या वर्षी हा विषय आमच्याच उंबऱ्यावर आला.

आमच्या आळीतील एक तरुण एका कंत्राटदाराकडे प्रोग्रॅम लिहितो. शेतातील ओल मोजणारी यंत्रे बिनतारी निरोप पाठवतात. ते पोहोचतील की नाही, हे यंत्रे रानात रोवण्यापूर्वी संगणकावरच ताडून पाहतात. त्या साधनाला नेटवर्क सिम्युलेटर म्हणतात. 'एनएस-3' नावाचा सिम्युलेटर 2008 पासून सर्वांना खुला आहे. सी-प्लस-प्लस भाषेत आपल्या गरजेचे भाग लिहून त्याला जोडता येतात. या तरुणाने ते जोडले. पण शंभर यंत्रे मांडली की प्रोग्रॅम मध्येच कोसळे. कंत्राटदार म्हणाला, "तुझ्या कालच्या भागात कोसळतो. पगार कापणार."

राहुरीकरांना मुळेच्या पाटाची ओळख करून द्यायला नको. शेवटच्या चारीला पाणी आले नाही, तर पाटकरी तीच चारी उकरीत बसत नाही. तो पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि फुटलेली जागा शोधतो. आम्ही कंत्राटदाराकडे आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि रोज संध्याकाळी तरुणाशेजारी बसलो.

सिम्युलेटरमधील यदृच्छा आकडे एका बीजावरून निघतात. बीज तेच ठेवले की प्रोग्रॅम बहुधा त्याच क्षणी कोसळतो. मग तपास शक्य होतो. त्याने प्रथम ते केले. नंतर यंत्रे निम्मी-निम्मी कमी करीत तीनवर आणली. तरी प्रोग्रॅम कोसळेच. 'जीडीबी'ने कोसळण्याची ओळ दाखविली. 'व्हॅलग्राइंड'ने मात्र ती स्मरणातील जागा आधी कोणी मोकळी केली होती, ते दाखविले.

उलगडा असा झाला. सिम्युलेटर पुढच्या घटनांची वेळेवार यादी ठेवतो. एका यंत्राची बॅटरी संपली, तेव्हा प्रोग्रॅमने ते यंत्र पुसून टाकले. पण 'पाच सेकंदांनी निरोप पाठव' ही त्याची घटना यादीत तशीच राहिली. कामावरून गेलेल्या माणसाचे नाव हजेरीपटावर राहावे, तसे! वेळ येताच प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर गेला. तिथे भलतेच काही नांदत होते. कधी निभावे, कधी कोसळे. यंत्र पुसण्यापूर्वी त्याची राहिलेली घटना रद्द करायची, एवढाच उपाय होता.

आणि आता कबुली देतो. पुसण्याचा तो भाग सहा महिन्यांपूर्वी त्याच तरुणाने लिहिला होता. आम्ही त्याची बाजू मांडायला गेलो आणि चूक त्याचीच निघाली! पण त्याने ती स्वतः दाखविली. पगार आधीच कापला असता, तर त्याने कोसळण्याची ओळ झाकून वेळ मारून नेली असती आणि चूक रानापर्यंत पोहोचली असती.

ब्रिटनच्या टपालसेवेत 1999 पासून 'होरायझन' ही हिशेबाची व्यवस्था आली. तिच्या चुकीच्या आकड्यांवर विसंबून शेकडो टपालचालक चोर ठरले. 2024 साली तेथील पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तेथे आधी माणूस धरला. यंत्राचा तपास मागून झाला.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. आधी तपासाला वेळ द्या, मग निवाडा करा. भ्यालेल्या माणसाच्या हातून चूक दुरुस्त होत नाही, लपविली जाते.