कोळसा, गेरू आणि तांदळाचं पाणी

(मिशन रविवारी उपासनेनंतर, आपल्या साहाय्याने शिकत असलेल्या एका वारली विद्यार्थिनीने केलेले भाषण.)



मला सांगितलंय, तुझा एक दिवस कसा जातो ते सांग. मी तलासरीकडच्या एका पाड्यावरची. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकते. 1857 साली सुरू झालेली ही संस्था, पण आमच्या पाड्यावर अजूनही विचारतात, चित्र काढायला कॉलेज कशाला लागतं?

पहाटे पाचला उठते. वसतिगृहात पाणी ठरलेल्या वेळेपुरतं, म्हणून आधी बादली आणि मग प्रार्थना. पाणी थांबत नाही, देव थांबतो.

सकाळच्या वर्गात समोर माणूस बसवतात आणि आम्ही कोळशाने त्याला कागदावर उतरवतो. हात लांब धरून, एक डोळा मिटून मापं घ्यायची. नाकाची सावली ओठावर कुठवर पडते ते शोधायचं. मला हे फार दिवस परकं वाटलं. आमच्याकडे माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर डोक्याचा गोल. त्याला सावली नाही, चेहरा नाही. तरी तो तारपा वाजवतोय की भात लावतोय, ते कमरेच्या वळणावरून लांबूनही कळतं. दोन्ही शिकायला मला आवडतं. एक शिकले म्हणून दुसरं टाकावं, असं वाटत नाही.

संध्याकाळी वही घेऊन सीएसएमटीला बसते. गाडीची वाट पाहणारी माणसं रेखाटायची. गाडी आली की माणूस उठतो आणि चित्र अर्धं राहतं. माझ्या वह्या अशा अर्ध्या माणसांनी भरल्या आहेत, कागदाच्या दोन्ही बाजूंनी, कारण कागद महाग. आपल्या मदतीतला मोठा भाग कागद, रंग आणि कॅनव्हास यांवरच जातो. हे मुद्दाम सांगते. मुलांना कपडे द्यायचं सगळ्यांना सुचतं, कोळशाच्या कांड्या द्याव्यात असं सहसा सुचत नाही.

रात्री मी माझं काम करते, आणि तिथे एक प्रश्न रोज माझ्या शेजारी येऊन बसतो.

माझी आजी लग्नाचा चौक काढायची. शेणाने सारवलेल्या, गेरू दिलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. हे मूळचं सुवासिनींचं काम. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणून जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ते त्यानंतरचं. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. म्हणून बाप्तिस्मा झाल्यावर आजीने चौक सोडला. पण चौकाबरोबर झाड, मोर, नाचणारी माणसं, सगळंच सोडलं. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. वेगळं काही काढता येईल, हेही कोणी सांगितलं नव्हतं.

मी पालघट काढत नाही. ती दुसऱ्यांच्या श्रद्धेची जागा आहे, माझ्यासाठी ती शोभेची वस्तू नाही. पण त्रिकोण, भात आणि तारपा आमचे आहेत. ते प्रभूपुढे आणायला मला संकोच वाटत नाही. निर्गमच्या 31व्या अध्यायात देव बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो, ते कारागिरीसाठी. आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (1902–1967) याच जे. जे. मध्ये आले होते. इथलं पाश्चात्त्य वळण सोडून ते शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे गेले. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, तेव्हा गोव्यात विरोध झाला. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते चित्रं काढत राहिले. आपल्या मंडळीत रेव्हरंड टिळकांचे अभंग आपण किती सहज गातो! कानाला जे चालतं ते डोळ्यांना चालायला वेळ लागतो, असं दिसतं.

आता आमच्या पाड्यावरच्या प्रार्थनागृहाची आतली भिंत रंगवायची आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी जाणार. मला पाच हजारांना जेवण दिल्याची गोष्ट काढायची आहे, सगळे लोक तारप्याच्या नाचासारखे वळत वळत बसलेले. काही वडीलजनांना भीती वाटते की वारली चित्र म्हटलं की लोक जुन्याकडे वळतील. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी विश्वासासाठी पुष्कळ सोसलंय. सुट्टी लागली की त्यांच्याबरोबर बसून, कच्चं रेखाटन पुढे ठेवून बोलायचं ठरलंय. त्या बैठकीसाठी प्रार्थना करा.

होकार मिळाला तर सारवण पाड्यावरच्या बाया करतील. तांदूळ मी वाटीन म्हणून आजीने आत्ताच सांगून ठेवलंय.