घरचा फोन आणि रस्त्यावरचा मुलगा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात बहुधा परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि नोकरी या विषयांवर बोलले जाते. आज मला वाहन चालविताना होणाऱ्या मोबाइल फोनच्या वापराविषयी बोलण्यास सांगण्यात आले आहे. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु जरा विचार करा. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०६ साली या शहरात मुस्लिम बोर्डिंग सुरू केले, तेव्हापासून आपल्या समाजातील कित्येक पिढ्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविली. आज पदवीच्या वर्गात बसलेल्या मुलामागे आई-बापांचे पंधरा-सोळा वर्षांचे कष्ट उभे असतात. तो मुलगा सायंकाळी क्लास आटोपून दुचाकीवरून परत येतो, खिशातला फोन वाजतो, तो क्षणभर खाली पाहतो आणि त्या क्षणात सर्व कष्ट मातीमोल होतात. म्हणून हा विषय शिक्षणाचाच आहे असे मी मानतो.

मी व्यवसायाने वकील आहे. मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईचे दावे मी चालवितो. त्यामुळे या प्रश्नाची कायद्याची बाजू सांगणे माझ्याकडे आले आहे. ती मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी धोका नेमका कोठे असतो हे समजून घेतले पाहिजे, कारण त्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत.

आपले कोल्हापूर हे दुचाकींचे शहर आहे. सकाळी दाभोळकर कॉर्नर, बिंदू चौक किंवा मिरजकर तिकटीला पाच मिनिटे उभे राहा. मान वाकडी करून कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरलेले दोन-चार जण तरी दिसतील. कोणी हेल्मेटच्या आत फोन खुपसलेला असतो. कोणी एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने संदेश वाचीत असतो. तावडे हॉटेलपासून पुढे पुणे-बंगळूर महामार्गावर गेलात तर तेथे वेग आणखी वाढलेला असतो. गळिताच्या हंगामात अंधारात उसाच्या ट्रॉल्या पुढे चाललेल्या असतात, आणि त्यांपैकी काहींच्या मागे धड दिवाही नसतो.

आता थोडा हिशेब करू. विद्यार्थ्यांनी वहीत करून पाहावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. फोनवर कोणाचे नाव आले आहे हे पाहण्यास तीन सेकंद लागले, तर गाडी ३३ मीटर डोळे मिटल्यासारखी गेली. ताशी ६० च्या वेगाने हेच अंतर ५० मीटर होते. एवढ्या अंतरात रस्ता ओलांडणारे मूल येऊ शकते, खड्डा येऊ शकतो, पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक लावलेला असू शकतो.

यावर तरुण मंडळींचे उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, आम्ही फोन हातात धरीत नाही, कानात यंत्र घालतो, दोन्ही हात हँडलवर असतात. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. कॅनडातील टोरांटो येथे अपघात झालेल्या ६९९ वाहनचालकांच्या फोनच्या नोंदी दोन संशोधकांनी तपासल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणारा फोन वापरल्याने तो कमी झाल्याचे दिसले नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठात २००६ साली झालेल्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्या चालकांची तुलना मद्य प्यायलेल्या चालकांशी केली गेली, आणि फोनवर बोलणारे त्यांच्याइतकेच धोकादायक ठरले. आपल्या घरातला मुलगा दारूला शिवत नाही याचा आपल्याला अभिमान असतो. तो असावाच. परंतु फोन कानाला लावून गाडी चालविणारा मुलगा रस्त्यावरच्या इतर माणसांसाठी त्याच तोलाचा धोका असतो, हे ध्यानात ठेवावे.

याचे कारण सोपे आहे. डोळे रस्त्यावर असले तरी मन पलीकडच्या माणसाजवळ गेलेले असते. समोरची वस्तू डोळ्यांना दिसते, पण मनापर्यंत पोहोचत नाही. मागे बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांतही फरक आहे. मागे बसलेल्याला रस्ता दिसतो. समोर ट्रक आला की तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला काहीच दिसत नसते, म्हणून तो बोलतच राहतो. आपल्या एस.टी. गाडीत चालकाच्या जागेजवळ 'चालकाशी बोलू नये' अशी सूचना लिहिलेली असते. मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून ती आपण वाचीत आलो आहोत. शहाणपण आपल्याजवळ होतेच. फोन आल्यावर आपण ते विसरलो.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील दर शंभरांत ४४ जण दुचाकीवरचे होते. मोबाइलच्या वापरामुळे झालेले म्हणून नोंदले गेलेले मृत्यू तीन हजारांहून अधिक आहेत. वास्तविक संख्या याहून मोठी असणार, कारण 'मी फोनवर बोलत होतो' असे पोलिसांना आपणहून कोण सांगेल?

आता कायद्याकडे वळतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८४ हे धोकादायक रीतीने वाहन चालविण्यासंबंधी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात वाहन चालविताना हातात धरून संपर्काचे साधन वापरणे याचा स्पष्ट उल्लेख आला. अशा रीतीने वाहन चालवून लोकांना धोका निर्माण केल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून नियमांत एवढी मुभा आहे की, रस्ता शोधण्यापुरता फोन वापरता येईल, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच. याखेरीज केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २१ मध्ये, ज्या कृत्यांमुळे परवाना काढून घेता येतो त्यांच्या यादीत वाहन चालविताना मोबाइल वापरणे हेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना असे निर्देश दिले की, या कारणासाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. ज्या तरुणाची रोजीरोटी टेम्पो किंवा रिक्षावर आहे त्याला तीन महिने म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आणि कोणाचा जीव गेला तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत हीच मर्यादा दोन वर्षे होती.

पालकांनी एक कलम विशेष लक्षात ठेवावे. ते कलम १९९-अ. अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते, किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. दहावी पास झाल्याचे बक्षीस म्हणून गाडी आणि फोन एकाच महिन्यात हाती देणाऱ्या वडिलांनी हे कलम एकदा वाचावे.

न्यायालयातील आणखी एक गोष्ट सांगतो. अपघात झाला की मोबाइल कंपनीकडून कॉलची नोंद मागविता येते. कोणत्या मिनिटाला, किती सेकंद, कोणत्या नंबरवर बोलणे झाले, सर्व त्यात असते. दुचाकीवरचा मुलगा त्या वेळी बोलत होता असे निष्पन्न झाले, तर त्याचाही निष्काळजीपणा होता असे धरून भरपाईची रक्कम कमी होऊ शकते. कमावता मुलगा गेला, आणि त्याच्या मागे राहिलेल्यांचा आधारही तुटपुंजा झाला. परंतु माझ्या दृष्टीने त्या कागदावरची सर्वांत दुःखाची गोष्ट ही नव्हे. त्यावर दोन नंबर असतात. एक गाडी चालविणाऱ्याचा आणि दुसरा त्याच्याशी बोलणाऱ्याचा. तो दुसरा नंबर घरचा निघाला, तर त्या आईने किंवा बापाने उरलेले आयुष्य कसे काढावे?

आज मुख्यतः हेच सांगण्यासाठी मी उभा आहे. आपण मुलांना दोष देतो. परंतु त्यांना फोन करतो कोण? 'कुठवर आलास? येताना दूध आण. इतका वेळ का लागला?' हे विचारणारे आपणच असतो. दोनदा फोन उचलला नाही तर घरी आल्यावर रागावणारेही आपणच. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीची वीस मिनिटे आठवा. सारे शहर घराकडे धावत असते, आणि नेमके त्याच वेळी घरोघरी अम्मी फोन लावून विचारीत असतात, 'बेटा, अजान व्हायला आली, कुठे आहेस?' प्रेमापोटीच विचारतात. पण त्या प्रेमाने मुलाचे डोळे रस्त्यावरून काढून घेतले जातात. हीच गोष्ट शाळेच्या रिक्षावाल्या मामांची. आठ-दहा मुले गाडीत बसलेली असताना आपण त्यांना फोन करून विचारतो, 'मामा, निघालात का?' त्यांनी फोन उचलला नाही तर तक्रार करतो. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात शाळेची गाडी रेल्वे फाटकावर गाडीखाली सापडून तेरा मुले मृत्यू पावली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे त्या वेळी प्राथमिक चौकशीच्या आधारे सांगण्यात आले. ही बातमी प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी.

तक्रार करायचीच तर ती कशी करावी, याचे उदाहरण आपल्या राज्यात आहे. मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला जाणाऱ्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालविताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रीकरण करून परिवहन मंत्र्यांकडे पाठविले. खासगी कंत्राटदाराकडील त्या चालकाला कामावरून काढण्यात आले आणि कंत्राटदार कंपनीला दंड झाला. त्या गाडीत बसलेले इतरही होते. बोलला एकजण. आपण त्या एकासारखे व्हावे.

तेव्हा आज येथून जाताना काही गोष्टी ठरवून जाऊ. पालकांसाठी पहिली अशी की, फोन लागला की पहिला प्रश्न 'गाडीवर आहेस का?' हा असावा, आणि उत्तर 'होय' आले की पुढे एक शब्दही न बोलता फोन ठेवावा. मुलाने फोन उचलला नाही तर रागवू नये, उलट शाबासकी द्यावी. रिक्षावाल्या मामांना गाडी चालू असण्याच्या वेळेत फोन करू नये. वडिलांनी स्वतः गाडीवर फोन कानाला लावू नये, कारण मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात.

विद्यार्थ्यांनी किल्ली फिरविण्याआधी फोन डिकीत किंवा दप्तरात ठेवावा. निघताना घरी 'निघालो' आणि पोहोचल्यावर 'पोहोचलो' असे कळवावे. मध्ये काही नाही. फार निकड असेल तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून बोलावे. मागे बसला असाल तर मित्राचा फोन आपल्याकडे घ्यावा, आणि मित्र ऐकत नसेल तर त्याला गाडी थांबवायला सांगून खाली उतरावे. याने मैत्री तुटत नाही.

रस्त्यावर फोनचा एक चांगला उपयोग आहे, तोही सांगतो. अपघात दिसला तर चित्रे काढीत उभे राहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, किंवा ११२ वर कळवा. सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे.

आपल्याकडे अमानत हा शब्द फार मोलाचा मानला जातो. गाडीच्या मागे बसलेली बहीण, रस्ता ओलांडणारे म्हातारे आजोबा, शाळेची मुले, हे सर्व गाडी चालविणाऱ्याच्या हाती त्या वेळेपुरती अमानत असतात. आणि गाडी चालविणारा मुलगा ही घरी वाट पाहणाऱ्यांची अमानत असते. आपला फोन दहा मिनिटे थांबू शकतो.