चोरबागानातील संगमरवरी वाडा

(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कलकत्त्यात हयात घालवूनही मुक्ताराम बाबू स्ट्रीटवरील मार्बल पॅलेस पाहिला नाही, असे आपल्यात पुष्कळ निघतील. मंडळाच्या सहलीत आम्ही तो पाहिला. त्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे.

हा वाडा राजा राजेंद्र मल्लिक यांनी १८३५ साली बांधावयास घेतला. घराणे सुवर्णवणिकांचे, पिढीजात व्यापारी. राजेंद्रबाबूंचा जन्म १८१९ चा. म्हणजे हा संकल्प सोळा वर्षांच्या मुलाचा! दर्शनी भागाचे पन्हळीदार उंच खांब युरोपीय धर्तीचे, उतरत्या छपरांच्या सज्जांवर चिनी मंडपाची छाया, आणि मध्ये मोकळे अंगण मात्र बंगाली घराचे. व्यापाऱ्याच्या दारी जसा देशोदेशीचा माल यावा, तशा येथे देशोदेशीच्या शैली आल्या आहेत.

आतील दालनांत तैलचित्रे, संगमरवरी पुतळे, झुंबरे, घड्याळे आणि भिंतभर आरसे दाटीने मांडले आहेत. लाकडात कोरलेली व्हिक्टोरिया राणीची भव्य मूर्ती लक्ष वेधून घेते. रूबेन्स, रेनॉल्ड्स अशा थोर चित्रकारांची नावे येथे सांगितली जातात. शेजारीच नकलाही आहेत. वस्तुसंग्रहालयाची शिस्त येथे शोधू नये. हे मुळात राहते घर आहे. पाहुण्याला दाखवावे म्हणून जमविलेले वैभव आणि अभ्यासकासाठी लावलेला संग्रह, या दोहोंत भेद असणारच.

परंतु या वैभवाला एक आधार आहे, आणि तोच आम्हांस अधिक मोलाचा वाटला. वाड्याच्या आधी या जागी देऊळ होते. राजेंद्रबाबूंचे दत्तक पिता नीलमणी मल्लिक यांनी जगन्नाथाची स्थापना केली होती. १८६६ च्या दुष्काळात राजेंद्रबाबूंनी भुकेल्यांना अन्न दिले. दारी गोरगरिबांना जेवू घालण्याची या घराची रीत पुढील पिढ्यांनीही चालविली. चित्रे विकत घेता येतात. रीत मात्र प्रत्येक पिढीला नव्याने स्वीकारावी लागते.

एक गोष्ट आपल्याला विसरता येणार नाही. १७४२ साली मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने याच नगरीभोवती खंदक खणला जाऊ लागला. बंगाली अंगाईगीतांत ‘बर्गी’ हा शब्द अजून भय घेऊनच येतो. त्या बर्गींच्या मुलखातून आलेली माणसे आज येथील अंगणांत आदराने उभी राहतात, हे या नगरीचे औदार्य होय.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. आपल्यापाशी ना संगमरवर, ना रूबेन्स. तथापि पुढच्या पिढीच्या हाती आपण कोणती रीत देणार, हा प्रश्न त्या वाड्याने आपल्यालाही विचारला आहे. त्याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.