विशेषणे गाळल्यावर
(बसवनगुडी येथील सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



संकेतस्थळांची एक सूची अशीही होती, जी यंत्राने नव्हे, माणसांनी रचली. 'डीमॉझ' हे तिचे नाव. जून १९९८ मध्ये ती अमेरिकेत सुरू झाली व मार्च २०१७ मध्ये बंद पडली. तिचे संपादक वेतन घेत नसत. नोंदीला शुल्कही नसे.

आपल्या मंडळाचे संकेतस्थळ तीत नोंदवावयाचे ठरले, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो विभागाचा. आम्ही राहतो बसवनगुडीत. मग नोंद बंगळूरखाली करावी की मराठीखाली? नियम स्पष्ट होता : इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील स्थळ त्या त्या भाषेच्या विभागात. गाव सुटले तरी भाषा हाही एक पत्ताच असतो, हे त्या परक्या नियमाने आम्हांस शिकविले.

दुसरा धडा कठीण होता. वर्णनात आम्ही 'अग्रगण्य', 'गौरवशाली' अशी विशेषणे पेरली होती. तेथे आत्मस्तुतीला थारा नव्हता. स्थळावर काय आहे, एवढेच सांगावयाचे. विशेषणे गाळली आणि उरली गणेशोत्सवाची दोन छायाचित्रे! आम्ही खजील झालो. नोंद बाजूला ठेवून आधी ग्रंथालयाची यादी, बालवर्गाच्या वेळा आणि नवागत कुटुंबास घर व शाळा शोधून देण्याची व्यवस्था, हे सारे लिहून काढले. मगच अर्ज धाडला.

ती सूची आज जुन्या संपादकांनी 'कर्ली' या नावाने पुढे चालविली आहे. पन्नास वर्षांच्या या टप्प्यावर आपणही स्वतःस विचारू या : विशेषणे गाळल्यावर आपल्यापाशी सांगण्याजोगे काय उरते?