दावीदाचा निवाडा

मनुष्याच्या हातून घोर कृत्य घडतें, तेव्हां त्याचें मूळ कोठें शोधावें? कोणी अज्ञानाकडे बोट दाखवितात, कोणी परिस्थितीकडे, कोणी सैतानाकडे. बायबल सैतान मानतें, मोहहि मानतें. तथापि दोषाचें उगमस्थान सांगतांना तें पुनःपुन्हां मनुष्याच्या हृदयाकडेच वळतें. हिब्रू भाषेंत हृदयाला ‘लेव’ म्हणतात. भावनांप्रमाणेंच विचार आणि संकल्प यांचेंहि तें स्थान आहे. तेव्हां हृदय बिघडलें म्हणजे आंतला न्यायाधीशच बिघडला, असें या ग्रंथाचें म्हणणें आहे.

‘उत्पत्ति’ ग्रंथाच्या ६ व्या अध्यायांत जलप्रलयापूर्वीं मानवी हृदयाविषयीं जो कठोर अभिप्राय आहे, जवळजवळ तोच प्रलय ओसरल्यावर ८ व्या अध्यायांत पुन्हां येतो. पृथ्वी धुऊन निघाली. नौकेंतून उतरलेल्या मनुष्याचें हृदय मात्र जुनेंच राहिलें.

या हृदयाची मोठी शक्ति स्वतःला फसविण्यांत आहे. दिमिष्काचा राजा बेन-हदाद आजारी असतां त्याचा सेवक हजाएल हा अलीशा संदेष्ट्याकडे आला. त्याच्या हातून पुढें होणारी क्रूर कृत्यें डोळ्यांपुढें येऊन अलीशाला रडूं कोसळलें. आपल्यासारख्या क्षुद्र सेवकाकडून असें कांहीं कसें होईल, याचें हजाएलाला नवल वाटलें. दुसऱ्याच दिवशीं त्यानें ओलें वस्त्र राजाच्या तोंडावर पसरून त्याचा प्राण घेतला. इसवी सनापूर्वीं ९ व्या शतकांतील असुरी राजा तिसरा शल्मनेसर याच्या कोरीव लेखांतहि हजाएल हा हीन कुळांतला असून त्यानें गादी बळकावल्याचा उल्लेख आहे.

परंतु हजाएल झाला परका. बायबलानें हीच कसोटी आपल्या लाडक्या राजालाहि लावली आहे. सैन्य राब्बा नगराला वेढा घालून बसलें असतां दावीद यरुशलेमांत राहिला. आपला निष्ठावंत योद्धा उरीया याच्या पत्नीचा त्यानें अभिलाष धरला. ती गरोदर राहिली, तेव्हां पाप झांकण्यासाठीं त्यानें उरीयाला रणांगणावरून बोलावून घरीं जाण्यास सांगितलें. सोबती उघड्यावर असतां आपण घरचें सुख भोगूं नये, म्हणून उरीया राजवाड्याच्या दाराशींच निजला. मग दावीदानें त्याच्याच हातीं सेनापति यवाबाला पत्र दिलें. तुंबळ लढाईंत उरीयाला पुढें ठेवून मागें सरावें, अशी त्यांत आज्ञा होती. आपलाच मृत्युलेख तो इमानी मनुष्य जपून घेऊन गेला.

उरीया पडला, बथशेबा राणी झाली, मूल जन्मलें. इतक्या अवधींत राजाचें मन त्याला बोचत होतें, असें या कथेंत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. नंतर नाथान संदेष्टा आला आणि त्यानें एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताजवळ पुष्कळ मेंढरें होतीं. गरिबाजवळ एकच कोंकरूं, तेंहि पोटच्या पोरीप्रमाणें वाढविलेलें. पाहुणा येतांच श्रीमंतानें आपलें कांहीं न घेतां तें कोंकरूं कापलें. दावीद संतापला. असा मनुष्य देहांतास पात्र आहे, त्यानें चौपट भरपाई करावी, असा निवाडा त्यानें दिला. तो मनुष्य म्हणजे राजा स्वतःच, असें नाथानानें सांगितलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. दावीदाची न्यायबुद्धि नष्ट झाली नव्हती. कोंकराच्या चोरीनें ती लगेच पेटली. उरीयाच्या रक्तासमोर मात्र ती निजून राहिली. पापी मनुष्यास बरें-वाईट कळत नाहीं, असें नव्हे. स्वतःच्या बाबतींत तो तें कळूं देत नाहीं. यिर्मयानें हृदयाला कपटी म्हटलें आहे तें याच अर्थानें. दुसऱ्याच्या दुष्टपणाचा संताप हें स्वतःच्या शुद्धतेचें प्रमाण होऊं शकत नाहीं.

तरी ही शिकवण निराशेची नाहीं. निवाडा ऐकून दावीदानें नाथानाला शासन केलें नाहीं. अपराध कबूल केला. या प्रसंगाशीं जोडलेल्या ५१ व्या स्तोत्रांत तो शुद्ध हृदय मागतो, आणि त्यासाठीं ‘उत्पत्ति’च्या आरंभींचें ‘निर्माण करणें’ या अर्थाचें क्रियापदच योजतो. जुन्या हृदयाची डागडुजी पुरणार नाहीं, हें त्याला उमगलें होतें. आणि तें उमगण्यासाठीं त्याला दुसऱ्याची म्हणून सांगितलेली गोष्ट आपली म्हणून ऐकावी लागली.