बेअरिंग नवं घातलं, पण इंजिन धुतलं का?



आमच्या गटाचं इंजिन एकाच सुगीत दोनदा बसलं. पहिल्यांदा बसलं ते आमच्या दुर्लक्षानं, आणि दुसऱ्यांदा ते नीट न धुतल्यानं. पहिली चूक सगळ्यांना कळते. दुसरी फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून आज तिच्याबद्दल बोलते.

आम्ही भोकरदन तालुक्यातल्या. गटानं कर्ज काढून जुना ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र घेतलं. सोयाबीनची मळणी जोरात होती. ऑइल प्रेशरचा काटा खाली आलेला दिसत होता, पण “एवढं खळं उरकू द्या, मग बघू” असं म्हणत आम्ही ट्रॅक्टर चालूच ठेवला. आधी खडखड ऐकू आली, मग इंजिन जाम झालं. खोलल्यावर कळलं, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जागेवरून फिरलं होतं आणि क्रँक खरवडला होता. क्रँक जालन्याला नेऊन घासून आणला, नवी बेअरिंग आणली, फिल्टर बदलला, इंजिन बांधलं. नवव्या दिवशी पुन्हा तीच खडखड.

मळणीचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत. भाडं बुडालं, पण कर्जाचा हप्ता चुकला नाही. तो आम्ही बचतीतून भरला. त्या महिन्याच्या बैठकीत कोण कोणाला काय बोललं, ते इथं सांगत नाही.

आता हे झालं कसं ते समजून घेऊ. इंजिनातलं हे बेअरिंग म्हणजे दोन अर्धगोल पट्ट्या. बाहेरून पोलाद, आतून मऊ धातूचा थर. त्यात कुठं ॲल्युमिनियम आणि कथील असतं, कुठं तांबं आणि शिसं. क्रँक या थरावर घासत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट असते आणि त्या फटीतल्या तेलावर क्रँक तरंगतो. तेल कमी पडलं की धातूला धातू लागतो, थर सोलून निघतो आणि त्याचा चुरा होतो. तो चुरा तेलात मिसळतो. मग जिथं तेल जातं, तिथं चुरा जातो: चेंबर, जाळी, ऑइल पंप, कूलर, ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटा आणि क्रँकच्या पोटातली छिद्रंसुद्धा.

तुम्ही म्हणाल, फिल्टर असतो की! असतो. पण फिल्टर फार तुंबला, तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून तेलाला फिल्टर टाळून जायला एक झडप उघडते. बेअरिंग फुटतं तेव्हा नेमकं तेच होऊ शकतं. शिवाय पंप फिल्टरच्या आधी येतो, त्याच्यातून तर सगळा चुरा जातोच.

दळणात रेती गेली तर आपण काय करतो? पीठ बदलतो, पण डबाही घासतो आणि चाळणीही झटकतो. नाहीतर नव्या पिठाची भाकरीही कचकच लागणार. आमच्या इंजिनात नवं पीठ जुन्याच डब्यात भरलं गेलं होतं. आपल्या जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून नवी सळई करतात. आपण मात्र जुना भाग न वितळवता तसाच परत बसवतो, म्हणून तो धुणं आलं.

दुसऱ्या वेळी आम्ही चौघी मिस्त्रींजवळ बसलो. त्यांनी क्रँकच्या छिद्रांची बुचं काढली आणि आत तार घातली. काळा चिकट लगदा बाहेर आला, त्यात चमचमणारे कण! क्रँक फिरतो तेव्हा जड कण आतल्या कोपऱ्यात फेकले जाऊन तिथं साचतात. क्रँक घासतानाची सहाणेची भुकटीही त्याच छिद्रांत अडकते. म्हणून लेथवरून आलेला क्रँक वरून कितीही चकचकीत दिसला, तरी आतून पुन्हा धुवायचाच.

मी चुंबक पुढं केला, तर मिस्त्री हसले. म्हणाले, “ताई, लोखंड येईल त्याला. बेअरिंगचा थर नाही येणार.” म्हणजे चुंबक फिरवून काही लागलं नाही, तरी भाग स्वच्छ आहे असं समजू नका.

आम्ही दोन परातीसारखी पसरट भांडी ठेवली. एकात पहिलं धुणं, दुसऱ्यात शेवटचं, आणि दोन्हींचं डिझेल वेगळं. लांब दांड्याचा बारीक ब्रश प्रत्येक छिद्रातून आरपार घालायचा. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांची बुचंही काढायची. पंप खोलून आतली चाकं पाहायची, ओरखडे असतील तर तो बदलायचा. प्रेशरची झडप आणि तिची स्प्रिंग काढून धुवायची. कूलरच्या आत ब्रश पोचत नाही, तो स्वच्छ झाल्याची खात्री नसेल तर नवा घ्यायचा. फिल्टर धुवायचा नाही, नवाच टाकायचा. शेवटी कंप्रेसरची हवा मारायची आणि लगेच स्वच्छ तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर गंज धरतो. पुसायला सूत सुटणारी चिंधी नको, ते सूतही तेलाची वाट अडवतं.

धुणं झालं कधी म्हणायचं? शेवटच्या धुण्याचं डिझेल पांढऱ्या कापडातून गाळा. कापडावर चमक दिसली, तर पुन्हा धुवा. आम्ही तीनदा धुतलं.

इंजिन बांधताना बेअरिंगला तेल लावलं. मग डिझेल बंद ठेवून इंजिन स्टार्टरवर थोडं थोडं फिरवलं, काटा वर आल्यावरच चालू केलं. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५० तासांतच बदललं.

जपायचं तेही सांगते. हे काम चुलीपासून आणि विडी-काडीपासून लांब, मोकळ्या हवेत करा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. चुऱ्यात शिसं असू शकतं, म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय जेवायला बसू नका आणि स्वयंपाकाची भांडी या कामाला घेऊ नका. काळं डिझेल नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका.

मी मिस्त्रींना विचारलं, “पहिल्या वेळी एवढं का नाही धुतलं?” ते म्हणाले, “ताई, यात दीड दिवस जातो. बिलात बेअरिंगचे पैसे लागतात, घासाईचे लागतात, धुण्याचे कोण देतं?”

खरं होतं. आम्हीच भाव पाडून घेतला होता. धुण्याला मोल नसतं, हे आपल्या बायकांना काय नवीन? पण ते आम्हीच दुसऱ्याच्या बाबतीत केलं.

म्हणून तुमच्या गटाचं किंवा घरचं इंजिन खोलायची वेळ आली, तर बेअरिंग कशानं गेलं ते आधी विचारा. मग बिलात एक ओळ लिहून घ्या: ‘सर्व भाग खोलून धुणे’. त्याचे पैसे ठरवून द्या, आणि इंजिन बांधण्याआधी गाळलेलं पांढरं कापड बघायला जा.

आणि काटा खाली आला, की खळं अर्धं राहिलं तरी चालेल, इंजिन बंद करा.